विचारू का?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत सावली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेतील एक व्याख्यान बडोदे शहराबाहेर, तालुक्याच्या गावी व्हावे असे ग्रंथालयाच्या मंडळींनी ठरविले आणि त्यासाठी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाची त्यांना आठवण झाली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ग्रंथांचे महत्त्व किंवा वाचनाची गोडी असा काही विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी वर्गात मुलांनी विचारलेल्या, आणि त्याहूनही अधिक न विचारलेल्या, प्रश्नांविषयी बोलेन असे कळविले, तेव्हा कार्यवाहांचे उलटटपाली पत्र आले की विषय चांगला आहे, पण त्याचा ग्रंथालयाशी संबंध काय? त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर बोलता बोलता मिळेल, अशी आशा आहे.

सावली हे गाव आपणा मराठी मंडळींना परके नाही. येथील तळ्याच्या काठी एका कोपऱ्यात पिलाजीराव आणि दमाजीराव या गायकवाड पितापुत्रांची स्मृती जपणारी दोन साधी देवळे आहेत. बडोद्याच्या राजवाड्याची भव्यता पाहून आलेल्या माणसाला ती फारच लहान वाटतात. त्या देवळांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या आयुष्यातील एक चूक तेथे उभी आहे. पण आधी एक जुनी हकिकत सांगतो.

मी दहा वर्षांचा असताना आम्ही महाराष्ट्रातून गुजरातेत आलो. घरात मराठी, दारात गुजराती. मला ज्या शाळेत घातले तेथे सारे शिक्षण गुजरातीतून होते. दोन-तीन महिन्यांत कानाला भाषा उमजू लागली, जिभेला मात्र ती वळत नव्हती. एके दिवशी भूगोलाच्या तासाला गुरुजींनी सांगितले की आपली मही नदी कर्कवृत्त दोन वेळा ओलांडते. मी थक्क झालो. एकदा ओलांडलेली रेषा नदी पुन्हा कशी ओलांडेल? माणूस रस्ता चुकून परत फिरेल, नदी कशी फिरेल? मी धीर करून उभा राहिलो आणि मनातल्या मराठी वाक्याला गुजराती अंगरखा चढवून म्हणालो, ‘साहेब, हुं विचारुं?’

आपल्यापैकी ज्यांचे बालपण दोन भाषांत गेले, त्यांना पुढचे समजलेच असेल. मराठीत विचारणे म्हणजे प्रश्न करणे. गुजरातीत विचारवुं म्हणजे विचार करणे. प्रश्न करण्याला तेथे पूछवुं म्हणतात. गुरुजींना वाटले की हा पोरगा विचार करण्याची परवानगी मागतो आहे. ते हसून म्हणाले, ‘विचार ने भाई, कोण ना पाडे छे!’ सारा वर्ग हसला. गुरुजी प्रेमळ होते. त्यांच्या मनात कुचेष्टा नव्हती. पण मी जो खाली बसलो तो त्या शाळेत पुन्हा प्रश्न विचारायला उभा राहिलो नाही.

महीचे कोडे पुढे काही वर्षांनी एका ग्रंथालयातील मोठ्या नकाशापुस्तकाने सोडविले. मही मध्यप्रदेशात धार जिल्ह्यात, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस उगम पावते, उत्तरेकडे वाहत राजस्थानच्या वागड प्रदेशात शिरते, तेथे वळण घेते आणि नैर्ऋत्येकडे उतरत गुजरातेतून खंभातच्या आखाताला मिळते. जाताना एकदा, येताना एकदा. बोट फिरवून पाहिले की अर्ध्या मिनिटात कळण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि तेवढ्यासाठी मला चार-पाच वर्षे थांबावे लागले. मला नकाशा तरी भेटला. ज्यांना भेटत नाही त्यांचे काय होते, हा विचार मी शिक्षक झाल्यावर माझ्या मानगुटीस बसला.

त्या फजितीने मला एक गोष्ट मात्र शिकविली. आपल्या जुन्या मराठीत प्रश्न करण्याला ‘पुसणे’ असे म्हणत. ज्ञानदेवांच्या आणि चक्रधरांच्या काळातील माणसे ‘पुसत’. पुढे केव्हातरी आपण पुसणे बाजूला ठेवले आणि विचारणे घेतले. ‘विचारपूस’ या जोडशब्दात ती दोन्ही अजून शेजारी शेजारी नांदतात. म्हणजे ज्या शब्दाने आपण विचार करतो त्याच शब्दाने प्रश्न करतो. हिंदीला हे साधलेले नाही, गुजरातीलाही नाही. गुरुजी चुकले होते असे आता मला म्हणवत नाही. मी खरोखर विचार करण्याचीच परवानगी मागत होतो.

पण भाषेचे दुसरे अंगही पाहिले पाहिजे. प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे एक चांगला शब्द आहे, ‘चौकस’. आणि वाईट किती आहेत? आगाऊ, चोंबडा, भोचक, दीडशहाणा. घरी म्हणतो, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.’ शाळेत म्हणतो, ‘तोंड वर करून विचारतोस?’ जणू तोंड खाली करून विचारणे शक्य असते! तास संपताना शिक्षक विचारतात, ‘काही शंका?’ शंका हा शब्दच असा की विचारणाऱ्याकडे थोडा दोष चिकटतो; तुला समजले नाही, किंवा तुझा विश्वास नाही. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी निःसंकोचपणे व्यक्त केलेली शंका एकच, आणि ती करंगळी वर करून व्यक्त करतात. तिला आम्ही कधी नकार दिला नाही.

कोणी म्हणेल, ही आपली परंपराच आहे. गुरूपुढे शिष्याने मान तुकवावी. मला हे अर्धेच खरे वाटते. प्रश्नाच्या नावाने ओळखले जाणारे एक उपनिषदच आपल्याकडे आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी म्हणतात, वर्षभर येथे राहा, मग वाटेल ते विचारा, मला ठाऊक असेल तर सांगेन. या ‘ठाऊक असेल तर’ मध्ये केवढे मोठेपण आहे! त्याच उपनिषदाच्या शेवटच्या प्रश्नात सुकेशा सांगतो की कोसलचा राजपुत्र एकदा आपल्याला एक गोष्ट विचारायला आला होता आणि आपण त्याला सरळ सांगितले की मला ती येत नाही. असत्य बोलणारा माणूस मुळासकट वाळून जातो, म्हणून खोटे सांगण्याची आपली छाती झाली नाही. आमच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांत हा एवढा भाग जरी लावला तरी पुरे होईल.

परंपरेची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना एकामागून एक प्रश्न विचारते आणि एका टप्प्यावर ते तिला बजावतात की आता अधिक विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. गार्गी गप्प बसते. आपण बहुधा येथेच गोष्ट थांबवितो. ती थांबत नाही. थोड्या वेळाने गार्गी त्याच सभेत पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते, आणि याज्ञवल्क्यांना त्यांची उत्तरे द्यावी लागतात. पुन्हा उठणारी गार्गी मला अधिक महत्त्वाची वाटते. मी स्वतः पुन्हा उठलो नव्हतो.

आणि मराठीपुरते बोलायचे तर आपल्या गद्याचा जन्मच प्रश्नांतून झाला आहे. ज्यांच्या मुखातील बोल लीळाचरित्रात उतरले ते चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, म्हणजे आपल्या शेजारचे. गुजरातेतून आलेल्या या पुरुषाने महाराष्ट्रात मराठीतून निरूपण केले, ही गोष्ट गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाने अधूनमधून आठवावी अशी आहे. त्यांच्या परिवारात महादाइसा ही स्त्री होती. तिची ‘धवळे’ ही रचना आपण वाचतो. पण लीळाचरित्रात ती दिसते ती सारखी काहीतरी पुसणारी म्हणून. स्वामी तिच्या या पुसण्याला कंटाळत नाहीत, कौतुक करतात. स्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून विचारून एकेक लीळा जमविली. म्हणजे तेराव्या शतकातला तो ग्रंथ पुसणाऱ्या शिष्येने आणि पुसत हिंडणाऱ्या लेखकाने घडविला.

मग वर्गातला मूल गप्प का? याचे एक उत्तर असे की सगळ्यांना विचारण्याचा अधिकार कधी नव्हताच. पुण्यात जोतीराव फुल्यांनी चालविलेल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. त्या निबंधाचा कणा प्रश्नांचा आहे. वेद पाहण्याचा अधिकार जर आम्हाला नाही, तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे ठरलो. मग आमचा धर्म कोणता, ते सांगा, असे ती विचारते. तीनेक वर्षांच्या शिक्षणावर एका मुलीने समाजाला निरुत्तर केले. ज्या शाळेत तिने हा प्रश्न मनात बांधला त्या शाळेत तिला गप्प बसविणारे कोणी नव्हते, एवढे त्यावरून नक्की दिसते.

त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, साताऱ्याच्या शाळेत, भीमराव आंबेडकर हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वर्गाच्या कोपऱ्यात वेगळा बसत होता. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. ज्याला पाणी मागण्याची सोय नाही, तो प्रश्न कसा विचारणार? पुढे १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे त्याला जॉन ड्युई हे गुरू भेटले. विचाराची सुरुवात अडखळण्यातून, संभ्रमातून होते, असे ड्युईंनी १९१० मध्ये आपल्या ‘हाऊ वुई थिंक’ या पुस्तकात मांडले होते. कोपऱ्यातल्या गोणपाटावरून ड्युईंच्या वर्गापर्यंतचा हा प्रवास घडविण्यात आपल्या बडोद्याचा वाटा आहे, याचा अभिमान वाटतो. तेच आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी परतले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आज गोणपाट गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली, आणि मुलाला भयमुक्त करून आपले मत मोकळेपणाने मांडू देणे हे अभ्यासक्रमाचे एक तत्त्व म्हणून लिहून ठेवले. कायद्याचे काम कायद्याने केले. पण भय केवळ छडीचे नसते. हसू होण्याचे भय छडीपेक्षा जुने आहे आणि त्याला कलम लावता येत नाही.

मूल मुळात मुके नसते. लंडनमध्ये बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज या दोघांनी चार वर्षांच्या आसपासच्या तीस मुलींचे घरातले आणि बालवाडीतले बोलणे ध्वनिमुद्रित केले. १९८४ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. घरी आईपाशी या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत. बालवाडीत त्याच मुली शिक्षिकेला तासाला दोन. आणि गरीब घरांतील आयाही मुलींशी तितक्याच अर्थपूर्ण गप्पा मारीत होत्या. म्हणजे ‘यांच्या घरी वातावरणच नाही’ असे जे आम्ही शिक्षक सहज म्हणून टाकतो, ते एकदा तपासून पाहावे. चोवीस प्रश्न शाळेच्या उंबरठ्यावर चपलांबरोबर बाहेर राहतात.

अमेरिकेत मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून १९७० नंतरच्या काळात एक साधी गोष्ट दाखवून दिली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात. तो काळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांबतात, एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढतात. हे वाचल्यावर मी वर्गात मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजू लागलो. आपण करून पाहा. ते तीन सेकंद असह्य असतात. पन्नास मुले आपल्याकडे पाहत आहेत आणि आपण गप्प उभे, यात शिक्षकाला आपले राज्य गेल्यासारखे वाटते. मला सवय व्हायला एक सत्र लागले.

आता तळ्याकाठची चूक. १९८० च्या सुमाराची गोष्ट. मी याच तालुक्यात एका शाळेत इतिहास शिकवीत होतो. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोर येथे घात झाला आणि त्यांचे दहन सावलीस झाले, हे मी फळ्यावर सनासह लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो सहसा उठत नसे. म्हणाला, ‘साहेब, डाकोरमां मार्या तो बाळवा अहीं केम लाव्या?’ डाकोरला मारले, तर दहनाला येथे का आणले?

प्रश्न किती नेमका होता! आणि मला उत्तर येत नव्हते. पिप्पलादांची गोष्ट मला पाठ होती. तरीही मी म्हणालो, ‘ते परीक्षेत येणार नाही. बस.’

सुट्टीत मी बडोद्याला येऊन संदर्भ पाहिले. मारवाडचा राजा अभयसिंह हा तेव्हा बादशहाच्या वतीने गुजरातचा सुभेदार होता. बोलणी करण्याच्या मिषाने त्याच्या माणसांनी डाकोरच्या छावणीत पिलाजीरावांना ठार केले. मराठ्यांनी मारेकऱ्याला तेथेच कापले, पण सेनापती गेल्यावर शत्रूच्या तोंडासमोर थांबणे शक्य नव्हते. देह उचलून त्यांनी मही ओलांडली, आणि नदी पाठीशी पडल्यावर घाईघाईने येथे अग्नी दिला. मही मध्ये होती, म्हणून सावली. देऊळ एवढे लहान का, हेही मग आपोआप कळते. पळत्या सैन्याची ती जागा आहे. त्या मुलाने अजाणता इतिहासाच्या वर्मावर बोट ठेवले होते. नदी, वाट, अंतर, भय, सारे त्या एका ‘केम’ मध्ये होते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी नव्या वर्गाला तळ्यावर नेऊन हे सारे सांगितले. तो मुलगा त्यांत नव्हता. तो नापास झाला होता आणि त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढून कामाला लावले होते. माझ्या त्या एका वाक्यामुळे तो नापास झाला असे मी म्हणत नाही. इतके महत्त्व मी स्वतःला देत नाही. पण त्याला शाळेत धरून ठेवील असे जे थोडे काही होते, त्यातले एक मी त्या दिवशी तोडले.

‘परीक्षेत येणार नाही’ हे वाक्य आता शिक्षकांपेक्षा विद्यार्थीच अधिक म्हणतात. प्रश्न हा परीक्षकाच्या मालकीचा आणि उत्तर तेवढे विद्यार्थ्याचे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. प्रश्नही तयार विकत मिळतात. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ म्हणतात त्याला, आणि आपल्याकडे मुले नुसते ‘आय.एम.पी.’ म्हणतात. १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक जड असल्याचे सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शिकवण्या वाढत गेल्या. शिकवणीच्या वर्गात तर प्रश्नाला वेळच नसतो. तेथे प्रत्येक मिनिटाची फी आगाऊ भरलेली असते.

असे असले तरी आपल्याच भागात याहून वेगळे घडलेले आहे. भावनगरला वकिली सोडून गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. तेथे १९२३ मध्ये एक मराठी बाई येऊन मिळाल्या, ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातली प्राचार्यपदाची जागा सोडून त्या आल्या. गुजरातेत शिकलेले हे सारे घेऊन त्या महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डीस गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ. तेथील आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. मला या नावाचे फार आकर्षण आहे. चार भिंतींत जे मूल खाली पाहते, ते गुरांमागे चालताना शिक्षकाला रानातले काय काय दाखवील! तेथे विचारणारा शिक्षक आणि सांगणारे मूल अशी अदलाबदल होते. गिजुभाई-ताराबाईंचे नाव घेऊन नंतर बालमंदिरे पुष्कळ निघाली. त्यांतील बऱ्याच ठिकाणी लाकडी साहित्य तेवढे आले, ही अदलाबदल आली नाही.

दुसरे उदाहरण होशंगाबादचे. मध्यप्रदेशातील त्या जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान प्रयोगांनी शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि पुढे ‘एकलव्य’ संस्थेने सांभाळला. त्यांनी एक कल्पित गृहस्थ निर्माण केला, सवालीराम. मुलांनी सवालीरामला पोस्टाने पत्र लिहायचे, वाटेल ते विचारायचे, आणि सवालीराम उत्तर धाडणार. खेड्यातल्या शाळेतले मूल स्वतःच्या नावाने आलेले पत्र हातात घेते, त्या पत्रात त्याच्याच प्रश्नाचा विचार केलेला असतो. याहून मोठी पदवी कोणती? २००२ मध्ये सरकारने हा उपक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. असो.

सवालीराम ऐकून मला सावलीराम करावासा वाटला. टपालाचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून शंभर पानी वही दोरीने खिळ्याला टांगली आणि सांगितले, यात प्रश्न लिहा, नाव नको, भाषा कोणतीही चालेल. गुजराती, मराठी, धेडगुजरी, काहीही. पहिले आठ दिवस वही कोरी. नवव्या दिवशी पहिला प्रश्न आला: साहेबांचे केस कधी गेले? साऱ्या वर्गाचे डोळे माझ्यावर. मी खरे उत्तर दिले, तिसाव्या वर्षापासून, आणि वडिलांचेही असेच गेले होते. त्यानंतर वही भरू लागली. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी पांढरे-पिवळसर आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी का? तंबाखूच्या शेताला कुंपण का लागत नाही? विहिरीचे पाणी थंडीत कोमट का लागते? शेवटच्याचे उत्तर मी दिले नाही, उष्णतामापक दिला. मुलांनी पंधरा दिवस सकाळ-दुपार पाणी मोजले आणि त्यांना कळले की पाणी फारसे बदलतच नाही, हवा बदलते आणि आपला हात फसतो. वहीतले निम्मे प्रश्न चेष्टेचे किंवा वाया गेलेले असत, हेही सांगतो. खाण खोदली की माती निघतेच.

एक पान मात्र मी अजून विसरलो नाही. मुलीचे अक्षर होते, मराठीत लिहिले होते. ‘माझ्या आईला शाळेत का घातले नाही?’

हा प्रश्न ज्या भूमीत विचारला गेला, तेथे सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा. मुलींनाही. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे कोठे नव्हते. मी ते वर्गात सांगितले. आणि सांगताना माझ्या लक्षात आले की यामुळे प्रश्न सुटत नाही, अधिकच टोकदार होतो. कायदा होता, शाळा होती, तरी आई राहिली. त्या मुलीला सनावळी नको होती. मी म्हणालो, ‘याचे उत्तर मला वर्गात देता येत नाही. घरी आजीला विचारून या.’ दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा मुली आपापल्या आजीची उत्तरे घेऊन आल्या. शाळा लांब होती. धाकट्या भावंडांना सांभाळायचे होते. कापूस वेचायचा होता. एकीची आजी नुसती रडली होती. पस्तीस वर्षांत मी घेतलेला सर्वांत चांगला इतिहासाचा तास तो, आणि त्यात मी शिकविले काहीच नाही.

आता कार्यवाहांच्या पत्राचे उत्तर. महाराज दत्तक येण्यापूर्वी, बारा वर्षांचे होईपर्यंत, अक्षरओळखीवाचून होते. उशिरा शिकलेल्या माणसाला न विचारलेल्या प्रश्नांचा ढीग किती उंच असतो ते ठाऊक असते. मला नेहमी वाटते की शाळांच्या पाठोपाठ ग्रंथालये काढण्याची घाई त्यांना झाली ती त्यामुळे. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणले, स्वतंत्र ग्रंथालय खाते उघडले, आणि गावाने वर्गणी जमविली तर पंचायत आणि सरकार यांनी तितकीच भर घालायची अशी योजना लावली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. १९१२ पासून निघालेले ‘लायब्ररी मिसलेनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून मजकूर देई. ग्रंथालयात भाषेवरून कोणी हसत नसे, असे मी त्यावरून समजतो. निदान माझ्या महीवर तेथे कोणी हसले नाही.

वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा असतो. पन्नास मुले, एक शिक्षक, संपवायचा अभ्यासक्रम. सगळे प्रश्न तेथे मावणार नाहीत, आणि मावतील असे म्हणणारा माणूस वर्गात उभा राहिलेला नसतो. उरलेल्या प्रश्नाला जायला जागा हवी. म्हणून ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. देवघेवीच्या खिडकीजवळ एक खिळा ठोकावा आणि त्याला शंभर पानी वही टांगावी. पहिला प्रश्न टकलाविषयी आला तर कार्यवाहांनी रागावू नये. उत्तर नसेल तर ‘अजून सापडले नाही’ असे तारखेसह लिहावे. आणि वर्षाच्या ग्रंथखरेदीची यादी करताना ती वही जवळ घेऊन बसावे.

मला एक तास दिला होता. त्यातली वीस मिनिटे मी मुद्दाम राखली आहेत. सतरंजीवरच्या मंडळींपासून सुरुवात करू. गुजराती, मराठी, कशातही. मी तीनपर्यंत मोजतो, वाटल्यास तीसपर्यंत.